दोनशे बारा

३ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण सध्या माझी कंबर वाकत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार घे. हे मी गमतीत लिहीत नाहीये.

गेले सात-आठ महिने सकाळी माझी पाठ फळीसारखी होते, हे आईने तुला कळवलं असेलच. अंथरुणातून उठून पाय जमिनीला लावायला पाऊण तास जातो. कूस बदलायची तरी आधी मनाशी बेत करावा लागतो. परवा सगळे रिपोर्ट आले. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला पाठीचा असा त्रास आहे का? मी म्हटलं, माझ्या मामाला, तीस वर्षांपासून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग शंकाच नको. म्हणजे तुझं तेच माझं. कण्याच्या सांध्यांना आतून सूज येत राहणार, दुर्लक्ष केलं तर मणके एकमेकांना धरून बसणार, आणि हे जन्मभराचं. लोकांना मामाकडून घड्याळ मिळतं, मला हे मिळालं.

खरं सांगू का, पाठीपेक्षा मनाचंच जास्त बिघडलंय. डेपोत वरच्या खोलीत बसून मी बसची वेळापत्रकं लावते, तुला माहीत आहे. हल्ली पाच-पाच मिनिटं नुसती कागदाकडे बघत राहते. एकतिसाव्या वर्षी माझं सगळं आटोपलंय असं वाटतं. आई म्हणते पडून राहा, डॉक्टर म्हणतात गोळ्यांइतकाच व्यायाम महत्त्वाचा, पडून राहिलीस तर आणखी आखडशील. एक म्हणते हल, एक म्हणते हलू नको, आणि मला दोन्हीचा कंटाळा आलाय.

तू तीस वर्षं हे दुखणं घेऊन जगतोयस. तू काय करतोस? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझी,
किल्ली

१३ फेब्रुवारी

चि. किल्लीस, तुझ्या वाकड्या मामाचा सरळ आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू सहा वर्षांची असताना दुकानातल्या प्रत्येक घड्याळाला मीच किल्ली देणार म्हणून स्टुलावर चढून बसायचीस, म्हणून तुझं हे नाव पडलं. आता तुलाच किल्ली द्यायची वेळ आली म्हणायची. माझ्याकडून तुला हे दुखणं आलं याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, एवढंच लिहितो.

ताईचं ऐकू नको. माझी बहीण आहे, पण या बाबतीत तिला काही कळत नाही. तिला माणूस आजारी म्हटलं की पांघरूण घातलेला लागतो. हा आजार बसलेल्या माणसाला कायमचा बसवतो. घड्याळ बरीच वर्षं बंद ठेवलं की आतलं तेल घट्ट होतं आणि मग नुसती किल्ली देऊन भागत नाही, तसंच हे. मी रोज सकाळी जिना उतरतो, शेजारच्या शिंप्याला हाक मारतो आणि कालव्यापर्यंत जाऊन येतो. कालव्याच्या कठड्याशी एक बाक आहे. तिथे दहा मिनिटं टेकायचं, पाण्यातली बदकं मोजायची आणि परत फिरायचं. पहिली शंभर पावलं शिव्या देत टाकायची, पुढची आपोआप पडतात. मनाचं म्हणशील तर तेही चालल्यावर थोडं सैल होतं. घरात बसलं की तेच ते विचार येऊन बसतात, पाहुण्यांसारखे, उठायचं नाव घेत नाहीत.

तर उद्यापासून चालायला लाग. पाठ दुखेल. दुखू दे, पण ऊठ.

फोन मला आवडत नाही. त्यात माणूस दिसत नाही आणि मागे कागदही उरत नाही.

तुझा,
मामा

२ मार्च

ती. मामा,

तुझ्या पत्राचा राग आला आणि त्या रागात चालायला लागले, हे आधी सांगते. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि रडत परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आई दारात उभी राहून, मी परदेशी निघाल्यासारखी बघत होती.

आता डेपोजवळच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे जाते. त्या पाठ ताणायला शिकवतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात, आणि रोज किती पावलं चाललीस ते लिहून आण म्हणतात. त्यांनी एक पावलं मोजायचं यंत्र दिलं. कमरेला अडकवायचं, पाऊल पडलं की आकडा एकाने पुढे जातो. मी त्यांच्याकडून आणखी एक घेतलं. ते या पत्राबरोबर पाठवतेय.

आपला करार असा. दोघांनी रोज मोजायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी एकमेकांना आकडे कळवायचे. एकटीने माझ्याच्याने व्हायचं नाही, स्पष्टच सांगते. सकाळी डोळा उघडला की वाटतं, कशासाठी उठायचं. पण तिकडे तू त्या कालव्याकडे निघाला असशील असं मनात आणलं की पाय खाली टाकता येतात. तू थांबलास तर मीही थांबेन. धमकी समज हवं तर.

आणि तुझं अक्षर केवढं मोठं झालंय? एका ओळीत चार शब्द. पहिलीतलं पोर लिहितं तसं.

तुझी,
किल्ली

२२ मार्च

चि. किल्ली,

करार मंजूर. यंत्र मिळालं. मिळाल्या मिळाल्या उघडून पाहिलं, सवय जात नाही. आत एक छोटा हातोडा आहे. धक्का बसला की तो हलतो आणि चाकाचा एक दात पुढे सरकतो. एवढाच कारभार. माणूस चालतोय की आणखी काय होतंय, याच्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नाही. तरी काम स्वच्छ केलंय, बनवणारा माझ्या हाताखाली राहिला असता तर चांगला तयार झाला असता.

आकडे लिहून घे. पहिल्या आठवड्यात रोज १८००. दुसऱ्या आठवड्यात ३६००, मधे एक दिवस १८००. बदकांना सहा पिल्लं झालीत. शिंपी म्हणतो, तुम्ही माझ्या दुकानावरून इतक्या ताठ मानेने जाता की मला माप घ्यावंसं वाटतं. माझी मान वळतच नाही हे त्याला अजून माहीत नाही.

नवीन पेन जाड उमटतं, म्हणून अक्षर मोठं.

तुझा,
मामा

१९ एप्रिल

ती. मामा,

माझे आकडे तुझ्यासारखे देखणे नाहीत. १२४०, ९८५, १६१२, एक दिवस पाऊस म्हणून ३०७, मग २१४४, आणि कालचा २६१९. बाईंनी पाठ थोपटली, अगदी हळू, कारण दुखते तिथेच थोपटली.

सकाळचा पाऊण तास आता पंचवीस मिनिटांवर आलाय. पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे. सोमवारी डेपोच्या पायऱ्या उतरताना मी काहीतरी गुणगुणत होते. मला कळलंही नाही. खालच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर करून पाहिलं, तेव्हा कळलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भांडी घासता घासता थांबली आणि पुन्हा घासायला लागली. तिचे डोळे भरले होते. गेले कित्येक महिने ती माझ्या खोलीच्या दाराला कान लावून जायची, हे मला त्या दिवशी कळलं.

दुखणं गेलेलं नाही. वाईट दिवस येतातच. पण आता त्या दिवसाच्या पलीकडे दुसरा दिवस दिसतो. हे तुझ्यामुळे झालंय मामा. तू चौसष्टाव्या वर्षी, मामी गेल्यानंतर, एकटा, रोज एवढं चालतोस आणि मी तिशीतली बाई कुरकुरते, याची मला लाज वाटली आणि ती लाज उपयोगी पडली.

तुला गाठायचं ठरवलंय. सावध राहा.

तुझी,
किल्ली

१२ मे

चि. किल्ली,

गुणगुणलीस ते वाचून बरं वाटलं. ते वाक्य दोनदा वाचलं.

मला गाठायच्या भानगडीत पडू नको, तुझ्या बाई सांगतात तेवढंच कर. माझे आकडे: ३६००, ३६००, ५४००, ३६००, ५४००, आणि दोन दिवस ७२००. कालव्याच्या पुढे पुलापर्यंत जातो हल्ली.

मामीची ती निळी शाल अजून खुंटीला आहे. ताईला हवी असेल तर विचार.

तुझा,
मामा

९ जून

चि. किल्ली,

आकडे. ७२००, ५४००, ७२००. मंगळवारी २१२. त्यानंतर ७२००, ७२००.

बाकी ठीक आहे. डोळ्यात काहीतरी गेलंय, म्हणून थोडक्यात. तू चालत राहा.

मामा

२० जून

ती. मामा,

इतकं छोटं पत्र? बदकांना विसरलास की काय? आणि मंगळवारचं २१२ काय रे, एक शून्य खाल्लंस का? मी वहीत २१२० करून घेतलंय. तेवढ्याने तुझी सरासरी बिघडायला नको.

मी आता साडेचार हजारांवर आहे. बाई म्हणतात इतकं भराभर वाढवू नको, आठवड्याला थोडंथोडं वाढव, आणि कुठे दुखायला लागलं तर आधी मला सांग. हो म्हणते आणि डेपोतून घरी बसने न येता चालत येते. उजव्या टाचेत जरा चमक येते. तुझ्या ७२०० पुढे त्याचं काय एवढं. या महिनाअखेर तुला मागे टाकते की नाही बघ.

आई शालीला हो म्हणाली. पण आत्ताच का देतोस, असंही म्हणाली.

तुझी,
किल्ली

१४ जुलै

चि. किल्ली,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. बरी आहेस ना? माझे रोज ७२००.

पत्र पाठव. आकडे नसले तरी चालेल.

मामा

११ ऑगस्ट

मामा,

मायना लिहायचं मन नाही.

२ जुलैला सकाळी उठले तर उजवा पाय टेकवेना. टाचेच्या मागे, शीर हाडाला जिथे धरते तिथे, लिंबाएवढी सूज. डॉक्टर म्हणाल्या, हे त्याच आजाराचं, आणि तू त्याला डिवचलंस. चालायचं म्हणजे शर्यत लावायची नव्हे, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. व्यायामाच्या बाईंनी चार वेळा सांगितलं होतं. मी खोटं बोलून चालत राहिले, कारण मला ७२०० करायचे होते.

पाच आठवडे घरात आहे. पहिले दोन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि आई ताट ठेवून जायची. मनात एकच चालायचं. आखडलेल्या पाठीचा म्हातारा रोज दोन तास चालतो आणि मला तेही जमत नाही, मग मी जगून करणार काय. हे असंच्या असं मनात यायचं, दिवसातून वीस वेळा. तुला वाचायला जड जात असेल तर जाऊ दे.

मग गेल्या आठवड्यात माझा डावा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, तुमचा आजार डोळ्यातही उतरतो, वेळेवर थेंब घातले तर बरा होतो, अंगावर काढला तर नजर जाते. माझा बरा होतोय. पण घरी आल्यावर मी तुझी सगळी पत्रं काढली आणि समोर लावली. पहिल्या पत्रापासून अक्षर मोठं आहे, आणि शेवटच्या पत्रात एका ओळीत दोनच शब्द मावलेत. पेनाचं नाव सांगू नकोस.

आणि मग आकडे पाहिले. मी वेळापत्रकं लावणारी बाई आहे मामा. दिवसभर मिनिटांशी खेळते. हे मला मार्चमध्येच दिसायला हवं होतं. १८००, ३६००, ५४००, ७२००. चालणाऱ्या माणसाचा आकडा असा येत नाही, माझे आकडे बघ, कसे फाटक्या कडांसारखे आहेत. तासाला सेकंद छत्तीसशे. तुझ्या खोलीतल्या त्या उंच घड्याळाचा लंबक सेकंदाला एकदा हलतो, हे तूच मला स्टुलावर उभं करून शिकवलं होतंस. तू यंत्र त्या लंबकाला बांधलंस.

म्हणजे मी तीन महिने तुझ्या घड्याळाशी शर्यत लावली होती.

मला इतका राग आलाय की लिहिता येत नाही. पण त्या सगळ्यात एकच आकडा बसत नाही. २१२. त्याला अर्ध्या तासाच्या अठराशेने भाग जात नाही, घड्याळाच्या कशानेच जात नाही. तो माझ्या आकड्यांसारखा आहे. त्या मंगळवारी काय झालं होतं? या वेळी खरं लिही.

किल्ली

२१ ऑगस्ट

चि. किल्ली,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. लंबकाला सुताने बांधलं होतं. यंत्राकडे बघायचीही गरज नव्हती, तास मोजला की आकडा तयार. तरी रोज बांधायचो. नुसतं कागदावर खोटं लिहायला हात धजावेना, निदान काहीतरी हललं पाहिजे असं वाटायचं. त्या वजनाने घड्याळ पुढे पळायला लागलं. माझ्या नावाने कोणीतरी पळत होतं.

उजवा डोळा डिसेंबरात लाल झाला. असं पूर्वी दोनदा झालं होतं, मामी हात धरून डॉक्टरांकडे न्यायची, थेंब घालायची, दहा दिवसांत उतरायचं. या वेळी गेलो नाही. का गेलो नाही ते सांगता येत नाही. जिना उतरायचा, कोणाला तरी विचारायचं, रांगेत बसायचं, हे सगळं डोंगराएवढं वाटलं. मग त्याने दिसेनासं झालं आणि डावाही अंधुक झाला. भिंग लावूनही चाकांचे दात दिसेनात, तेव्हा लोकांची घड्याळं तशीच परत केली आणि शटर ओढलं. घड्याळवाल्याचा डोळा गेला म्हणजे मागे काय राहतं तूच सांग. शिंपी दोन वेळचं जेवण वर पाठवतो. त्याला सांगितलंय की पाठ धरलीय.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी सहा आठवडे जिना उतरलो नव्हतो. ते पत्र डाव्या डोळ्याने, भिंगातून, एकेक शब्द वाचलं. तू विचारलं होतंस, मामा तू काय करतोस. काही करत नाही, पडून असतो, असं लिहिलं असतं तर तूही पडून राहिली असतीस. म्हणून मामी होती तेव्हाचं लिहिलं. बाक, बदकं, सगळं तेव्हाचं. तू उठलीस, मला वाटलं खोटं कामी आलं. तू मला गाठायला निघशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझी टाच माझ्यामुळे सुजली. हे मी रोज स्वतःला सांगतो.

आता मंगळवार. हे लिहू की नको, असे चार दिवस गेले.

त्या दिवशी सकाळी दाढी केली. सगळ्या घड्याळांना किल्ली दिली. मामीची शाल घडी करून ठेवली, वर ताईचं नाव लिहिलं. आणि जिना उतरलो. परत यायचं मनात नव्हतं. कळलं ना, पुन्हा लिहायला लावू नकोस.

निघताना तुझं यंत्र लंबकाचं सोडून कमरेला लावलं. अडीच महिने खोटे आकडे पाठवले, शेवटचा तरी खरा असावा असं वाटलं. दारात बटण दाबून शून्य केलं. कालव्याच्या कठड्यापर्यंत गेलो. तिथे टेकून यंत्र हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, तर आकडा दिसेना. भिंग घरी राहिलं होतं. बराच वेळ ते यंत्र फिरवत उभा होतो. आणि मग डोक्यात आलं की आकडा दिसला तरी किल्लीला कळवणार कोण. ते तर घरी जाऊनच लिहावं लागणार.

कालव्याची दारं उघडणारा माणूस पलीकडून बघत होता. आला आणि म्हणाला, काका, काय झालं? मी म्हटलं, हे जरा वाचून दाखव. त्याने वाचलं, दोनशे बारा. म्हणाला, एवढंच? मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातलं काम टाकलं, मला सायकलवर मागे बसवलं आणि दारापर्यंत आणून सोडलं. माझी पाठ वाकत नाही, त्यामुळे मी मागे कपाटासारखा बसलो होतो. शिंपी बघतच राहिला.

वर आलो आणि तुला आकडा लिहिला. बाकीचं लिहायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा लंबकाला बांधलं.

मामा

२४ ऑगस्ट

मामा,

पत्र आत्ता मिळालं. हे उत्तर दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय, तो संध्याकाळच्या आत तुझ्या हातात देईल. शिंपीकाकांना मी फोन केलाय. पाठीचं नाही, सगळं खरं सांगितलंय. ते मी येईपर्यंत तुझ्या खोलीत येऊन बसतील. त्यांना हाकलायचं नाही. शिवणकाम तिकडे घेऊन येतो म्हणालेत.

मी उद्या निघतेय. तुझ्याकडची बस माझ्याच वेळापत्रकात आहे. सहा चाळीसला सुटते, पावणेअकराला पोचते. उशीर झाला तर माझीच चूक. टाच अजून पुरती बरी नाही, काठी घेऊन येतेय, तेव्हा जिन्यात उतरून मला हात द्यायला ये. तू मला हात द्यायचा आहेस, हे लक्षात ठेव.

माझ्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे, डोळ्याची एक आणि मनाची एक. दोन्हीकडे जायचं. मीही त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे दोन आठवडे जातेय, ते तुला सांगितलं नव्हतं. खोटं बोलण्यात मीही तुझीच भाची.

रागावलेय अजून. तो राग घेऊनच येतेय. पण तुझं २१२ मी २१२० करून ठेवलं होतं, ते पान उघडून मघापासून बसलेय. तू पाच महिन्यांत एकच खरी गोष्ट लिहिलीस आणि मी ती दुरुस्त केली. आज शून्य खोडलं.

आणि एक. त्या दिवशी जायचे दोनशे बारा झाले. यायचे कोणी मोजलेच नाहीत, कारण तू सायकलवर होतास. ते राहिलेत.

किल्ली

६ ऑक्टोबर

चि. किल्ली,

तू जाऊन चार आठवडे झाले. तू होतीस ते दहा दिवस आपण दोघं मिळून दारापर्यंतच पोचलो. तुझी टाच आणि माझा डोळा, आणि जिन्यात कोण कोणाला धरतंय ते शिंप्यालाही कळत नव्हतं.

डोळ्याचं कळवतो. डावा वाचला. उजव्यात उजेड-अंधार कळतो, त्यापुढे फारसं होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं ठीक आहे. ठीक नाहीये, पण डॉक्टरांना तसं म्हणावं लागतं. मनाच्या गोळ्या घेतो. त्या डॉक्टरीणबाईंना तुझा करार सांगितला. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

सकाळी तू लिहून दिलेले पाठ ताणायचे व्यायाम भिंतीला धरून करतो, शिंपी मोजतो, एकाचे दोन करतो. दुकान उघडलेलं नाही. काही दिवशी अजिबात उठवत नाही आणि तेच विचार येऊन बसतात. तेव्हा तू सांगितलंस तसं शिंप्याला वर बोलावतो. तो येतो, बटणं लावत बसतो. ते बरं पडतं.

आता आकडे. उंच घड्याळाला मोकळं ठेवलंय, यंत्र माझ्याच कमरेला आहे. ६४. ०. १३१. ०. ०. १८९. ०. ७७. शून्य आहे ते शून्यच लिहिलंय, तूही तसंच घे, मधे काही घालू नको.

काल शिंप्याला सांगून एकटा निघालो. तो दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता, मागे वळून बघायला मान वळत नाही, पण मला माहीत होतं. कालव्यापर्यंत या वेळी दोनशे अडतीस झाले. पावलं लहान झालीत. बदकं नाहीत, बाकाची एक फळी गेलीय. तो दारं उघडणारा माणूस होता. त्याने हात केला, मी हात केला. मग कठड्याशी उभा राहून बटण दाबलं, शून्य केलं आणि परत फिरलो.

वर आल्यावर खुर्चीत बसलो, भिंग डाव्या डोळ्याला लावलं आणि स्वतः वाचले. लिहून घे. परतीचे दोनशे एकसष्ट.

तुझा,
मामा